टोकावरची हाक

"कासरा आवळू नोको रे लोक्या! हात ढिला ठेव. जनावराले तुयी भीती दोरीतून समजते."

आवाज तीस वर्षांपूर्वीचा. धान कापून मोकळी झालेली बांधी, तळव्यांना टोचणारी धसकटं, पुढे उधळलेले दोन गोऱ्हे, छोट्या रेंगीवर, म्हणजे हलक्या बैलगाडीवर, उभा असलेला आठ वर्षांचा लोकेश आणि मागून धावत येणारा बापाचा हा आवाज. लोकेश आता अडतीस वर्षांचा झाला होता. तरी स्टेअरिंगवर बोटं जरा आवळली, की तो आवाज मागून धावत यायचाच. आत्ताही आला. त्याने बोटं सैल केली, ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला आणि काचेतून समोर पाहिलं.

समोर खैरटोल्याचा रपटा होता. नाल्यावरचा एवढासा सिमेंटचा रस्ता. पण त्याच्या तोंडाशी जो गतिरोधक होता, तो म्हणजे आडवा झोपलेला रेडाच. आणि लोकेशची गाडी अशी, की तिचं पोट जमिनीपासून वीतभर वर. लाल रंग, दोन दारं, दोनच माणसांची जागा. बल्लारपुरातून निघाल्यापासून तिने रस्त्याचा खडा न् खडा लोकेशच्या पाठीला सांगितला होता. आता घर हाकेवर आलं, तर हा रेडा.

पाच-सात माणसं जमली. सगळ्यांत पुढे सुकलूकाका, बापाचा लहानपणापासूनचा सोबती.

"काय गा लोकेस, गाडी बसली का?"

"बसली नाई काका. जन्मापासूनच अशी हाय."

"मंग उठव ना तिले!"

सगळे हसले. सुकलूकाकाने गाडीभोवती एक फेरी मारली, बैलाच्या बाजारात मारतात तशी. वाकून पोट पाहिलं, चाकावर थाप मारली. "रंग बेस हाय. पन तुया बापाच्या हातात नोको देऊ हो. माही सायकल नेली होती एकदा, चैन तोडून आनली."

चिखलात बंडी फसली, की चाकाखाली तणस घालायची. झाडीपट्टीत हे कुणी कुणाला शिकवत नाही. कोणीतरी धावत गेलं आणि धानाच्या तणसाचे भारे घेऊन आलं. गतिरोधकाच्या अलीकडे भारे, पलीकडे भारे, वर दोन फळ्या.

"काका, खालून लगित गरम रायते थे," लोकेश म्हणाला.

"तुले शिकवू का आता बंडी कशी काहाडाची? चाल, घे समोर!"

लोकेशने घेतली. फळी करकरली, पोट तणसावरून घसरत गेलं आणि गाडी रेडा ओलांडून अलगद पलीकडे उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण एक अख्खा भारा पोटाला चिकटून सोबत आला होता. घर तीस पावलांवर राहिलं असेल-नसेल, तोच बॉनेटच्या खालून निळा धूर निघायला लागला.

दारात त्याची माय, अन्नपूर्णा, बादली घेऊन उभीच होती. नव्या जनावराचे पाय धुऊन मगच त्याला अंगणात घ्यायचं, ही तिच्या घरची रीत. गाडीलाही पाय असतात, एवढाच तिचा हिशोब. धूर दिसताच तिने हळद घातलेलं ते सगळं पाणी गाडीच्या पोटाखाली भिरकावलं. लोकेश आणि सुकलूकाका दाताळं घालून तणस ओढू लागले. फस्स, फस्स करत धूर विझला. गाडीला काही झालं नव्हतं. 

ओट्यावर रामाजी बसला होता. लोकेशचा बाप. सगळं पाहत होता. डाव्या हाताने मिशी पुसून म्हणाला, "तणस खात नाई, जाळते. कसलं जनावर आनलं गा?"

अंगणभर हशा पिकला. लोकेशही हसला. पण ते वाक्य त्याने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. कारण गाडी घेतल्याला पाच महिने झाले होते आणि बापाने तिच्याबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. दसऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून नुसतं "हं" आलं होतं.

मायने दुसरी बादली आणली. खाली बसून एकेका चाकावर पाणी घालता घालता ती गुणगुणू लागली. जुळवत जुळवत, जशी ती रोवणीच्या बांधीत जुळवायची:

"धुते पाय पाहुनीचे, चारी पाय काळेभोर,
माह्या लेकराच्या जीवाले नको लावू घोर."

लोकेश कोळशाच्या खुल्या खाणीत डंपर चालवत होता. शंभर टनांचा डंपर. वर चढायला शिडी. सोळा वर्षं तो त्या शिडीने आकाशात चढून बसत होता आणि पंचवीसच्या वेगाने खड्ड्यात उतरून, पंचवीसच्या वेगाने वर येत होता. या सोळा वर्षांत त्याच्या हातून एक आरसासुद्धा फुटला नव्हता. नवीन पोरं खाणीत आली, की साहेब त्यांना लोकेशच्या केबिनमध्ये बसवायचे. तो त्यांना फार काही सांगायचा नाही. म्हणायचा, "हात ढिला ठेवा."

सोळा वर्षांनी त्याने ही गाडी घेतली. हैदराबादच्या एका डॉक्टरची, बारा वर्षं वापरलेली. बायको नीलिमा म्हणाली होती, "घर पाच मानसाचं अन् गाडी दोघाची! बाकीच्यायनं मांग धावाचं का?" पण पहिल्या रविवारी तीच शेजारी बसली होती, केसांना रुमाल बांधून. आठवडाभर आकाशात बसणारा माणूस रविवारी सकाळी जमिनीला टेकून बसायचा आणि रस्त्याचा कण न् कण ओळखीचा व्हायचा. गाडी दोनशेच्या पुढे पळू शकत होती. त्याने कधी शंभराच्या फार पुढे नेली नाही. जंगलाच्या रस्त्यावर चाळीसची पाटी असली, की चाळीसनेच जायचा. चितळांचा कळप आडवा आला, की इंजिन बंद करून थांबायचा. लोक विचारायचे, मग घेतली कशाला? तो नुसता हसायचा. जोरदार जनावर दावणीला असणं आणि ते आपल्या हाताखाली शांत उभं राहणं, यातला अभिमान कुणाला समजावून सांगता येत नाही. बापाच्या दावणीला एके काळी असे दोन होते.

पाखऱ्या आणि बिजल्या.

रामाजी शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, धुरकरी होता. धुरकरी म्हणजे पटाच्या बैलजोडीला हाकणारा. सावली, मूल, पोंभुर्णा, कुठल्याही पटात रामाजीची रेंगी आली, की लोक चहा टाकून उठायचे. पट धावण्याची जी लांब सरळ वाट असते तिला दान म्हणतात, आणि दानीच्या शेवटच्या टोकाला प्रत्येक जोडीच्या घरचं एक माणूस उभं राहतं. ते बैलांना नावाने हाक मारतं. शर्यतीचा बैल कासऱ्याने धावत नाही. समोरून येणाऱ्या घरच्या आवाजाकडे धावतो. रामाजीच्या जोडीला टोकावरून हाक मारायचं काम लोकेशचं होतं. सहाव्या वर्षापासून.

बावीस वर्षांपूर्वी, सावलीच्या पटात, शेवटच्या फेरीला टोकावर लोकेश नव्हता.

त्या वर्षी सावलीच्या बाजारात चंदन नावाच्या एकाने व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. पत्र्याची खोली, तीन टीव्ही, आणि एका टीव्हीपुढे लाकडी पाटाला बोल्टने कसलेलं जुनं स्टेअरिंग, ते नागपूरहून आणलेलं. त्या टीव्हीत एक रस्ता होता. डोंगराच्या कडेने जाणारा, डाव्या हाताला समुद्र. लोकेशने समुद्र पाहिला नव्हता. पूर आलेली वैनगंगा पाहिली होती. त्या रस्त्यावर तो एक लाल, दोन दारांची गाडी पळवायचा. बाकीची पोरं स्टेअरिंगला लटकायची, वळणावर दात-ओठ खायची आणि समुद्रात पडायची. लोकेशची बोटं स्टेअरिंगवर नुसती टेकलेली असायची. वळणाआधी वेग आवरायचा, वळणात गाडीला तिच्या मनाने जाऊ द्यायचं, बाहेर पडताना सोडायचं. हे त्याला कोणत्याही पोराने शिकवलं नव्हतं.

पटाच्या दिवशी गावोगावची पोरं सावलीत येतात, म्हणून चंदनने त्याच दिवशी स्पर्धा ठेवली. लोकेश पोचला शेवटच्या दोघांत. एकच फेरी, मग पळत मैदान गाठू, असं त्याने ठरवलं. फेरी त्याने जिंकली. बक्षीस म्हणून त्याच लाल गाडीचं चित्र मिळालं, गुंडाळी केलेलं. ते सदऱ्यात खुपसून तो पळत मैदानावर आला, तेव्हा लोक रामाजीला बंडीवर निजवत होते.

टोकावरून हाक आली नाही. पाखऱ्याने मान उचलून इकडेतिकडे पाहिलं, बिजल्या गर्दीकडे वळला आणि रेंगी उलटली. रामाजीचा उजवा खांदा तिच्याखाली आला.

"कुठी होता रे?" मायने विचारलं.

"गर्दीत वाट नाई सापडली," तो म्हणाला.

रामाजीने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. उजवा हात कानाच्या वर जाईनासा झाला. पुढच्याच उन्हाळ्यात जोडी दुसऱ्या दावणीला गेली. मधली काही वर्षं पट बंदच होते, मग पुन्हा सुरू झाले, पण रामाजीने मैदानावर पाय ठेवला नाही. खेळात गाडी आपटली, की दोन सेकंदांत पुन्हा रस्त्यावर उभी राहते, नवीकोरी. लोकेशला तो खेळ पुढे कधी धड खेळता आला नाही. धान साठवायच्या ढोलीमागे लपवलेलं ते चित्र वाळवीने खाल्लं, आणि त्यातली गाडी मात्र बावीस वर्षं त्याच्या डोक्यात उभी राहिली.

आज पुन्हा सावलीचा पट होता. पट समितीचे अध्यक्ष गुणवंतराव दोनदा घरी येऊन गेले होते. "रामाजीभाऊ, यंदाची पहिली झेंडी तुमच्या हातानं." रामाजीने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. लोकेश रजा टाकून आला होता तो एवढ्यासाठीच. बापाला या गाडीत बसवायचं आणि मैदानावर न्यायचं. आणि वाटेत कुठेतरी, शेजारी बसलेल्या बापाला, त्याच्याकडे न पाहता, ते एक सांगून टाकायचं.

"मी नाई येत," रामाजी म्हणाला.

"नाई येत म्हनते," चाकं धुऊन उठत माय म्हणाली, "अन् पाहाटेपासून दाढी करून बसला हाय. धोतर कोनं काहाडलं पेटीतून? मी का?"

"धोतर मळलं होतं."

"हौ. अन् फेटा?"

रामाजी उठला. गाडीकडे न पाहता गाडीपाशी आला. लोकेशने दार उघडलं. बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग खाली, आणखी खाली जायचं. रामाजीने डाव्या हाताने दार धरलं, फेटा काढून मांडीवर घेतला आणि एकदाचा आत गेला. पट्टा ओढायला उजवा हात वर जाईना. लोकेशने वाकून तो त्याच्या छातीवरून ओढून लावला.

"मले बांधून नेतं का?"

"कायदा हाय बाबा."

"बैलं बरे होते. थ्यायले कायदा नोयता."

फळ्या आणि यावेळी तणसाऐवजी मातीच्या पाट्या टाकून त्यांनी रेडा ओलांडला. पुढे सावलीचा रस्ता. दोन्हीकडे बांध्या, बांध्यांत लाखोळीची निळी फुलं, मधूनच एखादं मोहाचं झाड.  रामाजीची नजर रस्त्यावर होती, पण मान थोडी तिरपी होती. इंजिन ऐकत होता तो. लोकेशला ती मान ओळखीची होती. पटाआधी पाखऱ्याच्या बरगड्यांशी कान नेऊन ती अशीच तिरपी व्हायची.

सुकलूकाकाच्या शेतापासून पुढे दोन किलोमीटर रस्ता तारेसारखा सरळ. समोर कोणी नाही. मागे कोणी नाही.

"इथी सोडतं का नाई?" रामाजी म्हणाला.

"काय?"

"पट्टी सरळ हाय. जनावर कवापासून मांगून राह्यलं. सोड ना."

लोकेशने सोडली. इंजिनाचा सूर बदलला, पाठ आसनाला चिकटली, लाखोळीची फुलं वेगवेगळी दिसायची थांबून एकच निळी रेघ झाली. साठ, ऐंशी, शंभर. काट्याकडे त्याने मग पाहिलंच नाही. शेजारून एक आवाज आला. दाताला जीभ लावून काढलेला, लांबलचक, थरथरता. बावीस वर्षांत त्या घशातून तो आवाज निघाला नव्हता. रामाजीचे दोन्ही हात पुढे आले होते, बोटं अर्धी मिटलेली, जणू त्यांत कासरा होता. उजवा हातसुद्धा खांद्यापर्यंत उचलला गेला होता.

वस्ती दिसायच्या बरंच आधी लोकेशने पाय उचलला. गाडी हळूहळू, एकही हिसका न देता चालीवर आली. पहिल्या घरापाशी पोचेतो ती बंडीच्या वेगाने जात होती.

रामाजीने हात मांडीवर घेतले. फेट्याची घडी नीट केली. "आधी आवरलं," एवढंच तो म्हणाला. बाहेर पाहत.

मैदानावर गाडी शिरली, तसं गर्दीने वाट दिली. पोट्टे मोबाइल घेऊन धावले. गाडीचे फोटो काढता काढता दार उघडलं आणि आतून, जमिनीतून उगवावा तसा, रामाजी उभा राहिला. फेटा बांधून. जुन्या माणसांनी ओळखलं. "रामाजी! अरे बाप्पा, रामाजी आला!" पोट्टे गाडी सोडून त्या म्हाताऱ्याकडे पाहू लागले. गुणवंतरावांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. माइकवर कोणी त्याचं नाव घेतलं आणि अख्खं मैदान ओरडलं. लोकेश गाडीला टेकून उभा होता. त्याने उगाच गाडीचा आरसा बाहीने पुसला.

रामाजीने झेंडी डाव्या हाताने टाकली. पहिली जोडी सुटली.

मग तो माणसांत बसला नाही. "टोकावर चाल," म्हणाला. दोघं गाडीत बसून मैदानाला वळसा घालून दानीच्या शेवटाला आले. दोराबाहेर, जरा दूर, लोकेशने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. इतक्या खालून दान कधी पाहिली नव्हती. नजर अगदी बैलांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. दूर धुळीत एक जोडी उभी राहिली. दोरापाशी एक बाई पदर खोचून पुढे आली, चुरमुऱ्याचं वाडगं हातात घेऊन.

"थे चैतूची जोडी. अन् हे त्याची बायको, सोमारी," रामाजी म्हणाला. "हाकेले तिचंच काम."

तिकडे झेंडी पडली आणि सोमारीने हाक घातली. "आ रे माह्या वाघा! आ, आ, आ रे राजाऽ!" धुळीतून दोन शिंगांच्या जोड्या सरळ त्या आवाजावर आल्या. जमिनीचा हादरा आसनातून जाणवला. जोडी टोक ओलांडून गेली, सोमारी तिच्यामागे धावली, धूळ काचेवर बसली.

लोकेशने स्टेअरिंग धरलं.

"बाबा. त्या वर्षी मी टोकावर नोयतो."

"हं."

"गर्दीत वाट नाई सापडली म्हनलं होतं मी. ते खोटं होतं. मी बाजारात होतो. चंदनच्या दुकानात. गाडीचा खेळ खेळत. माह्यानं..." त्याने स्टेअरिंग आणखी आवळलं. "तुमचा खांदा माह्यानं गेला."

रामाजी काचेवरची धूळ पाहत होता.  माइकवर पुढच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं.

"मी आलतो तिथी," तो म्हणाला.

लोकेशला आधी कळलंच नाही.

"आपली पाळी याले अर्धा घंटा होता. तू दिसत नोयता. कोनंतरी म्हनलं, बाजारात हाय. सुकलूची सायकल घेतली अन् आलो. तुले न्याले." रामाजीने मिशी पुसली. "दारात उभा राह्यलो. आतमंधी पोट्टेच पोट्टे. तुयं नाव घेऊन बोंबलून राह्यले होते. तू पाठमोरा. समोर थे लाल गाडी. मी तुये हात पाहात राह्यलो गा. मंग वापस निंगालो. वाटेत चैन तुटली, तं सायकल लोटत पळालो."

"मंग आवाज काऊन नाई देल्ला बाबा? एक आवाज देल्ला असता तं मी उठलो असतो."

"म्हनून तं नाई देल्ला."

दूर झेंडी वर गेली. रामाजीचा डावा हात सावकाश पुढे आला आणि स्टेअरिंगवर आवळलेल्या लोकेशच्या बोटांवर टेकला. बोटं एकेक करून सैल झाली.

"हात ढिला होता तुया," रामाजी म्हणाला.